थोटूक नसलेलं व्यसन

आमच्या स्टाफरूममध्ये लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात मुलांकडून काढून घेतलेल्या वस्तू पडून असतात. दोन-चार मोबाइल, पत्त्यांचा कॅट, एकदा तर जिवंत कासवसुद्धा काही तास तिथे होतं. गेल्या डिसेंबरात त्यात एक निळसर, बोटभर लांबीची नळी आली. बारावीच्या एका मुलाच्या कंपासपेटीत ती सापडली होती. पर्यवेक्षक मॅडमना वाटलं हायलायटर आहे. टोपण निघेना म्हणून त्यांनी ती हुंगली आणि म्हणाल्या, "अगं बाई, आंब्याचा वास येतोय."

पुढचा अर्धा तास आम्ही सात-आठ शहाणीसुरती माणसं त्या नळीभोवती उभी होतो आणि तिचं काय करायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं. कोणी म्हणालं पोलिसांत द्या, कोणी म्हणालं आईवडिलांना बोलवा, कोणी म्हणालं कचऱ्यात टाका आणि विषय संपवा. सिगारेट सापडली असती तर असं झालं नसतं. दोन रट्टे (आता देता येत नाहीत ते सोडा), घरी फोन, माफीपत्र, असा तिचा ठरलेला रस्ता आहे. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, नावाच्या या वस्तूसाठी आमच्याकडे रस्ताच नव्हता. देशात तिच्यावर २०१९ पासून बंदी आहे आणि म्हणून तिच्याविषयी कोणी कोणाला काही सांगितलेलंच नाही. बंदी घातलेली वस्तू अस्तित्वात नसते, असं आपण धरून चालतो.

माझं म्हणणं या लेखापुरतं एवढंच आहे, की बंदी योग्य आहे, पण बंदी घालून आपण जी मौनाची सोय करून घेतली ती मुलांना महागात पडते आहे. आणि ती सोय मोडायची तर आधी व्हेपबद्दल खरं बोलायला हवं. घाबरवणारं नाही, खरं.

मी रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे ती नळी शेवटी माझ्याकडे आली. चार्ज पूर्ण संपलेली होती, तरी मी ती प्रयोगशाळेत मोकळ्या जागी, जपून उघडली. (कोणी घरी हा उद्योग करू नये. आत लिथियमची बॅटरी असते आणि ती चेपली तर पेट घेते.) बॅटरीच्या वर एक बारकी गोल चकती निघाली, जुन्या फोनच्या माइकसारखी. ओढणाऱ्याने श्वास घेतला की दाबातला फरक तिला कळतो आणि ती विजेचं सर्किट चालू करते. म्हणूनच याला बटण नाही, काडी नाही, लायटर नाही. पुढे तारेचं एक इवलंसं वेटोळं आणि त्याभोवती कापसासारखा बोळा, चिकट पाकात भिजलेला. बोटांना लागलेला तो पाक साबणाने धुतला तरी संध्याकाळपर्यंत आंब्याचा वास जात नव्हता. वेटोळ्याजवळचा कापूस मात्र करपून काळा झाला होता.

त्या मुलाला मी नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, यात तंबाखू नसते. नुसती वाफ असते."

पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं चूक, आणि ती चूक त्याची नाही. वाफ हा शब्द आपल्या कानाला फार सोज्वळ वाटतो. सर्दी झाली की आजी पातेल्यात ओवा टाकून डोक्यावर पंचा घेऊन वाफारा घ्यायला लावायची, ती वाफ. इडलीच्या भांड्याची वाफ. व्हेपमधून जे निघतं ते पाण्याची वाफ नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या दोन द्रवांचे ते अतिसूक्ष्म थेंब असतात, आणि त्यांच्यावर स्वार होऊन निकोटीन आणि सुगंधी द्रव्यं फुप्फुसात शिरतात. तार शेकडो अंशांपर्यंत तापते. एवढ्या उष्णतेला ही रसायनं जशीच्या तशी राहत नाहीत. फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन तयार होतं. अ‍ॅक्रोलीन म्हणजे काय हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांना माहीत आहे. फोडणीचं तेल कढईत विसरलं की जो झोंबणारा धूर उठतो, ज्याने खोकला येतो आणि खिडक्या उघडाव्या लागतात, त्यातला मुख्य गुन्हेगार तोच. नळीतला पाक संपत आला आणि कापूस कोरडा पडला की ओढणाऱ्याच्या घशाला तो जाणवतो. याशिवाय तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसं असे धातू थोड्या प्रमाणात थेंबांत उतरतात.

रोजचे त्रास तसे साधे वाटतात. तोंडाला आणि घशाला कोरड (प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेतं), कोरडा खोकला, डोकेदुखी, मळमळ, छातीत धडधड, झोप न लागणं. दमा असलेल्याला धाप. परीक्षेच्या काळात हे सगळं 'अभ्यासाचा ताण' या नावाखाली खपून जातं.

पण माझ्या मते खरा मुद्दा निकोटीनचा आहे, आणि तो समजायला आपल्या मराठी माणसाइतका तयार माणूस दुसरा नाही. तळहातावर तंबाखू घेऊन तिला चुना का लावतात? चव म्हणून नव्हे. चुना अल्कधर्मी. तो लागला की तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झरझर रक्तात उतरतं. पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनी हे रसायनशास्त्र अंगठ्याने मळून शोधून काढलं. व्हेपवाल्यांनी याच्या नेमकं उलट केलं. मोकळं निकोटीन श्वासातून घेतलं तर घसा पेटतो, दुसरा झुरका घ्यावासा वाटत नाही. म्हणून त्यात बेन्झॉइक आम्ल घालून निकोटीनचा क्षार बनवला. क्षार घशाला बोचत नाही. फुप्फुसाचा पृष्ठभाग एवढा अफाट की तिथे ते सहज शोषलं जातं आणि काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं. २०१५ मध्ये अमेरिकेत जूल नावाचं यंत्र बाजारात आलं, त्याचं यश या एका करामतीवर उभं होतं. पहिल्या सिगारेटला प्रत्येक जण खोकतो. ते खोकणं शरीराचं 'नको' असतं. ते 'नको' काढून टाकणं ही या उद्योगाची सगळ्यात मोठी कमाई आहे आणि मी तिला शोध म्हणणार नाही.

त्या निळ्या नळीच्या खोक्यावर '५ टक्के' असं छापलेलं होतं. म्हणजे मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटीन. युरोपीय संघात कायद्याने कमाल मर्यादा २० आहे. आत १० मिलिलिटर पाक होता असा खोक्याचा दावा, म्हणजे हिशोबाने ५०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम जातं. नळीतलं सगळं अंगात जात नाही, बरंचसं हवेत उडतं, तरी आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. अर्थात तो आकडासुद्धा खरा की खोटा, कोण तपासणार?

आणि इथे थोटकाची गोष्ट येते. सिगारेट संपते. दहा-बारा झुरक्यांनंतर हातात थोटूक उरतं, ते विझवावं लागतं, पुढच्या सिगारेटसाठी टपरीवर जावं लागतं, पैसे मोजावे लागतात. बिडीचं तेच. तंबाखूचा बारही थुंकावा लागतो. प्रत्येक जुन्या व्यसनाला असा एक शेवट असतो, जिथे माणूस निदान मोजू शकतो. 'दिवसाला चार ओढतो' असं तो डॉक्टरला सांगतो, थोडं खोटं का होईना. व्हेपला थोटूक नाही. पांघरुणात, बाथरूममध्ये, शेवटच्या बाकावर, एक झुरका आता, दोन मग. राख नाही, पिवळी बोटं नाहीत, कपड्यांना वास नाही. आमच्या लहानपणी मोठा भाऊ सिगारेट ओढून आला की दारात बडीशेप चघळायचा आणि आईला त्या बडीशेपेवरूनच कळायचं. आता वासच आंब्याचा.

किती झुरके घेतोस, असं त्या मुलाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे गोंधळला. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला मात्र मागचे काही महिने आठवले. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये हा तीनदा बाहेर जायचा. ब्युरेट भरून ठेवायचा आणि टायट्रेशन अर्ध्यावर सोडून "सर, पाणी पिऊन येतो." मी त्याला आळशी समजत होतो.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू, कारण ती बाजू पोकळ नाही. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने म्हटलं, की व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. आकडा नेमका तेवढाच का, यावर तेव्हापासून वाद आहे, पण मूळ तर्क मला मान्य आहे. सिगारेटमध्ये पान जळतं, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निघतं, हजारो रसायनं निघतात. व्हेपमध्ये ज्वलन नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमध्येच झालेल्या एका मोठ्या चाचणीत सिगारेट सोडू पाहणाऱ्यांपैकी व्हेप वापरणाऱ्या १८ टक्के लोकांची सिगारेट वर्षभरानंतरही सुटलेली होती. निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंगगम वापरणाऱ्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होतं. मात्र व्हेपने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. तरीही तीस वर्षं रोज पाकीटभर ओढणाऱ्या माणसाला हा सौदा फायद्याचाच.

प्रश्न असा, की तो माणूस इथे कुठे आहे? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ निघाले ३.८ टक्के. न ओढता खाणारे, चोळणारे, चघळणारे २४.४ टक्के. बायकांमध्ये १६.६ टक्के, त्यात दात घासायच्या नावाखाली मशेरी लावणाऱ्या आल्या. आपलं तंबाखूचं दुखणं गालात आहे, छातीत त्या मानाने थोडं. परळच्या टाटा रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे जे रुग्ण येतात त्यांच्या हाती आंब्याच्या वासाची नळी देऊन त्यांची पुडी सुटणार होती का? मशेरी लावणारी बाई व्हेपकडे वळणार आहे का? ब्रिटनचं उत्तर ब्रिटनच्या प्रश्नाचं आहे. आपल्याकडे व्हेप ज्याच्या हातात जातो त्याने बहुधा सिगारेट कधी ओढलेलीच नसते. त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी करायची नाही, स्वच्छ हवेशी करायची. सतरा वर्षांच्या, काहीच न ओढणाऱ्या मुलाला '९५ टक्के कमी घातक' सांगणं म्हणजे पायी चालणाऱ्याला सांगणं, की दरीत उडी मारण्यापेक्षा जिन्यावरून पडणं बरं.

आणि खुद्द ब्रिटननेही १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली. कचरा हे एक कारण होतं, शाळकरी मुलं हे दुसरं. लंडन-लेस्टरला शिकायला गेलेली आपली मुलं सुटीत येताना जे 'तिकडे तर चालतं' घेऊन येतात, त्यांनी ही बातमी पण आणावी.

घाबरवणाऱ्या मजकुराबद्दल दोन शब्द, कारण मुलांचा आपल्यावरचा विश्वास तिथेच उडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'व्हेपने पॉपकॉर्न लंग होतो' असं फिरतं. त्या रोगाची गोष्ट खरी आहे. २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या बुजल्या, कारण लोण्याचा स्वाद देणारं डायअ‍ॅसिटिल ते श्वासातून घेत होते. व्हेपच्या काही पाकांत ते सापडलं हेही खरं. पण व्हेपने हा रोग झाल्याची साथ वगैरे आलेली नाही. मुलगा गूगल करतो, आपण खोटे पडतो. त्यापेक्षा त्या कारखान्यातून निघणारा धडा सांगावा. तूप पोळीवर छान लागतं म्हणून कोणी ते श्वासनळीत घालत नाही. 'खाण्याला सुरक्षित' हा शिक्का जठराला मिळालेला असतो, फुप्फुसाला नाही.

तसंच २०१९ चं. त्या वर्षी अमेरिकेत तरुण मुलं धाप लागून दवाखान्यात येऊ लागली, एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढरी. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. कारण शोधल्यावर संशयाची सुई मुख्यतः 'ई' जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटवर थांबली. गांजातल्या नशेच्या द्रव्याचा पाक घट्ट दिसावा म्हणून चोरबाजारातले लोक त्यात ते मिसळत होते. व्हेपचे समर्थक म्हणतात, पाहा, दोष व्हेपचा नव्हे, भेसळीचा. कबूल. आता हे वाक्य महाराष्ट्रात आणून ठेवा. इथे अधिकृत व्हेप नावाची गोष्टच नाही. इन्स्टाग्रामवर मेसेज करून कुरिअरने येणारी, टपरीवर बिस्किटांच्या बरणीमागून निघणारी प्रत्येक नळी चोरबाजारातलीच. पाकात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. सिंगापूरमध्ये व्हेपमधून भूल देण्याचं एटोमिडेट विकलं जाऊ लागलं, तेव्हा १ सप्टेंबर २०२५ पासून सरकारला ते अमली पदार्थांच्या यादीत टाकावं लागलं.

मग विक्री कायदेशीर करून तपासणी का नको, असं कोणी विचारेल. कागदावर ते पटतं. पण शाळा-कॉलेजापासून १०० यार्डांत तंबाखू विकू नये हा कायदा २००३ चा आहे. आमच्या फाटकातून बाहेर पडलं की पहिली टपरी किती यार्डांवर आहे, हे मी वर्गात मोजून घेण्याचा उपक्रम करू शकतो, फार वेळ लागणार नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि त्याची रिकामी पाकिटं एसटी स्टँडच्या कोपऱ्यात झाडूने ढीग लावावीत इतकी असतात. जे राज्य सिगारेटचं वय तपासू शकत नाही ते व्हेपचं तपासेल, यावर मी पैज लावणार नाही. बंदी असू द्या. तिने किमान जाहिराती थांबवल्या, दुकानांच्या काचा थांबवल्या.

एक विसंगती मात्र मुलं बरोबर पकडतात. व्हेप बंद, सिगारेट चालू. कर मिळतो, शेतकरी आहेत, विडी कामगार आहेत, आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगारेट कंपनीत आपल्या आयुर्विमा महामंडळाचा मोठा हिस्सा आहे. माझ्या पॉलिसीचा हप्ता कुठे कुठे फिरून येतो याचा विचार मी टाळतो.

कायद्याबद्दल फारसं कोणी न सांगितलेली एक गोष्ट सांगून ठेवतो. शिक्षा आहे ती बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला, विकणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, साठा करणाऱ्याला. विक्रीसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी शिक्षेचं वेगळं कलम नाही. म्हणजे मुलाने डॉक्टरकडे जाऊन 'मला हे सुटत नाही' म्हणण्यात कायद्याची भीती नाही. पण बंदीचा धाक असा, की मुलं विक्रेत्याला न घाबरता डॉक्टरला घाबरतात.

त्या मुलाचे वडील तिसऱ्या दिवशी आले. ट्रॅक्टरच्या कामावरून थेट, खालच्या ओठात बार धरलेला. नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "सर, ह्यात गांजा असतो का?"

"नाही. तुमच्या पुडीत असतं तेच असतं. निकोटीन."

ते उठून खिडकीशी गेले, थुंकले, परत येऊन बसले. "मग आमचं काय नाही झालं ते? पंचवीस वर्षं खातोय."

मी म्हणालो, तुमचा मेंदू तयार झाल्यावर तुम्ही सुरुवात केलीत का? ते हसले. चौदाव्या वर्षी, बैलांमागे. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते, या वयात निकोटीन लागलं तर लक्ष आणि एकाग्रता यांवर परिणाम होतो आणि सोडणं जास्त अवघड जातं, असं मी सांगत होतो. ते माझ्याकडे न पाहता मुलाकडे पाहत होते. "तुम्हाला सुटली का?" या माझ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी मुलगा एकटा आला. चार दिवस झाले बंद केलंय म्हणाला. डोकं ठणकतं, उगाच चिडचिड होते, आईवर ओरडलो. हे किती दिवस चालतं? पहिला आठवडा सगळ्यात वाईट, मग हळूहळू उतरतं, तीन-चार आठवड्यांत बरंच, असं मी सांगितलं. तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर दिला. फोन फुकट आहे, निकोटीन नळीतून आलं काय नि पुडीतून आलं काय, तलफ तीच.

त्याने मोबाइल काढला आणि थबकला. "नाव काय टाकू सर? घरचे बघतात."

"केमिस्ट्री प्रॅक्टिकल."

त्याने तसं सेव्ह केलं. मग जाता जाता म्हणाला, "पप्पांना पण पाठवू का?"